पॅनच्या उजवीकडचं स्टूल

"ऊठ! आधी ऊठ तिथून!"

जोसेफ जिन्यातूनच ओरडत येत होता. साठीचा माणूस, उंची ताडमाडाएवढी, आणि आवाज असा की खाली चाललेल्या मिलचा खडखडाट त्याच्यापुढे घुंगरासारखा वाटावा. मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं, म्हणजे ओरडणं माझ्यासाठीच होतं. आणि माझा गुन्हा काय, तर एक विमान, मग दुसरं विमान, मग सात तास जीप, अशा प्रवासानं कमरेचा भुगा झाला होता. पॅनच्या उजव्या अंगाला एक लोखंडी स्टूल दिसलं, त्यावर टेकलो होतो. टेकतो न टेकतो तोच पाठीला वाफेची बारीक धार लागली. मागच्या व्हॉल्व्हचं पॅकिंग गेलेलं होतं. आपल्याकडे असं पॅकिंग दिसलं तर फिटरच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

मी उठलो. "कुणाची जागा आहे का?"

"बाबूची."

आपल्याकडे बाबू म्हटला की कारकून डोळ्यांपुढे येतो. तिकडे आफ्रिकेत आजोबाला बाबू म्हणतात.

"कुठं गेलेत आजोबा?"

जोसेफनं आधी स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता तू उठलास ना," तो शांतपणे म्हणाला, "बसेल तो."

मंडळी, सकाळचे दहा वाजले होते. पत्र्याच्या फटींतून ऊन आत आलेलं, पॅनच्या मजल्यावर आपल्या वैशाखापेक्षा दुप्पट उकाडा. तरीही माझ्या हातावरचा केस न् केस उभा राहिला. पुढचं सांगण्याआधी एक कबुली देतो. फ्लेक्सवरचा सोडला तर आफ्रिकेत मी सिंह पाहिलेला नाही, पण गावात आजवर सतरा सांगितलेत. तेव्हा माझ्या बाकीच्या गोष्टींतलं निम्मं बेलाशक वजा करा. या गोष्टीतलं करू नका. हिच्यात भर घालायला मला जागाच सापडली नाही.

मी पॅनमन. साखर कारखाना म्हटला की लोकांना ऊस, ट्रॅक्टर, चेअरमन आणि मळीचा वास एवढंच आठवतं. साखर कोण करतं, हे कोणी विचारत नाही. चेअरमन करत नाही, एवढं शपथेवर सांगतो. उसाचा रस आटवून पाक होतो आणि तो आमच्याकडे, पॅनवर येतो. पॅन म्हणजे तवा नव्हे. दुमजली घराएवढं बंद भांडं, पोटात वाफेच्या नळ्या, आणि आतली हवा पंपानं ओढून घेतलेली, म्हणजे पाक कमी आचेवर उकळतो, करपत नाही. त्यात नेमकी वेळ साधून साखरेचं बारीक बी टाकायचं आणि त्या कणाकणाला पाक पाजून वाढवायचं. पोर वाढवावं तसं, फक्त काही तासांत.

आत काय चाललंय ते बघायला पॅनला एक पितळी कांडी असते. ती फिरवून ओढली की थेंबभर नमुना बाहेर येतो. तो काचेच्या पट्टीवर बोटानं पसरायचा आणि पट्टी उजेडाला धरायची. दाणे एकसारखे चमकले तर पॅनमन राजा. मोठ्या दाण्यांमध्ये धूळ दिसली, म्हणजे नको तेव्हा नवे कण जन्माला आले, तर पॅनमन गाढव. मधली पायरी या धंद्यात नाही.

त्याहून वाईट एकच गोष्ट: पॅन बसणं. वाफ तुटली, पंप थांबला आणि पाक वेळेत खाली सोडला नाही, तर आत साखरेचा दगड होतो. मग माणसं आत उतरून पहारीनं तो फोडत बसतात. आमच्या भागात एकाचा पॅन बसला होता. त्याच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवर त्याचं पूर्ण नाव छापलेलं होतं; पण लोक विचारायचे, "म्हंजे ज्याचा प्यान बसला, त्याचीच का ही पोरगी?"

मला ही विद्या दिली श्रीरामपूरच्या हमीदचाचांनी. आमच्या कोपरगावकडच्या कारखान्यावर ते हेड पॅनमन होते. डावा पाय किंचित ओढत चालायचे. नमुना पाहिला की काच डाव्या खांद्यावरच्या पंचाला पुसायचे, दर वेळी तिथेच. पंचाचा तो कोपरा पाकानं पापडासारखा कडक झालेला असायचा. हंगामाचा पहिला पॅन उतरला की आम्ही बाकीचे नारळ फोडायचो, हळदकुंकू लावायचो. चाचा चिमूटभर साखर पॅनमध्ये डोकवायच्या गोल काचेच्या कडेवर ठेवायचे. "जिनं केली, तिला पहिला घास," म्हणायचे. पॅनला ते बाईमाणूस समजत. आणि पॅन सोडायच्या, म्हणजे आतला माल खाली ओतायच्या, आधी खालच्या मशीनवाल्यांनी तयार राहावं म्हणून पितळी कांडीनं लोखंडी कठड्यावर ठोकायचे. तीन ठोके, मग जरा थांबून एक. टण टण टण. टण. बाकी सगळे पॅनमन गळा फाडून ओरडतात. चाचा ओरडलेले मी कधी ऐकले नाहीत. मी वाफ जास्त उघडली की एवढंच म्हणायचे, "घाई न्हाई, राजा. घाईत धूळ व्हती."

चाचा निवृत्त झाले. मग कारखान्यात कॉम्प्युटर आला. पॅनच्या पोटात तारा गेल्या, भिंतीवर पडदा लागला, आणि मला सांगण्यात आलं की आता काच बघायची नाही, पडदा बघायचा. पंचेचाळिसाव्या वर्षी पडदाच बघायचा तर घरी टीव्ही होता. मी राजीनामा लिहिला. तो टेबलावरून उचलायच्या आत माझ्या जागेवर माझाच मेव्हणा चिकटला, यावरून आमच्या घराण्याच्या चपळाईची कल्पना यावी.

केडगावात पुणे रस्त्याला, टायरच्या दुकानाच्या वर एका एजंटाचं ऑफिस होतं. आफ्रिकेतल्या एका कारखान्याला जुन्या पद्धतीचा पॅनमन हवा होता. परीक्षा घ्यायला जो गृहस्थ बसला होता त्याचा साखरेशी संबंध चहापुरता. त्यानं विचारलं, "अनुभव काय?" मी म्हणालो, "माझे डोळे बांधा आणि जिभेवर दाणा ठेवा. कोणत्या पाळीत झाला, आणि त्या पाळीच्या पॅनमनचं बायकोशी भांडण झालं होतं का, तेसुद्धा सांगतो." त्याच्याकडे डोळे बांधायला फडकं नव्हतं, म्हणून पास झालो.

मग चौकात फ्लेक्स लागला. दहा बाय आठचा. 'गावचा सुपुत्र निघाला सातासमुद्रापार.' मागे विमान, पुढे सिंह, मध्ये मी. डिजिटलवाल्यानं मला कोट चढवला होता. डोकं माझं, कोट कुणाचा तरी, आणि त्या कुणाचा तरी एक हात सिंहाच्या आयाळीवर. खाली शुभेच्छुकांचे सव्वीस फोटो. त्यांतल्या वीस जणांना पॅन म्हणजे इन्कम टॅक्सचं कार्ड वाटत होतं. हमीदचाचांचा फोटो त्यात नव्हता. तो द्यायचा हे मला सुचलंच नाही.

आठ दिवस मी सत्कार खात फिरलो. नारळ इतके जमले की घरात पाय ठेवायला जागा नव्हती. श्रीरामपूर कुठे लांब होतं? सकाळी एसटीत बसलं की चाचांच्या हातचा चहा पिऊन दुपारच्या जेवणाला घरी. उद्या जाऊ म्हटलं, परवा जाऊ म्हटलं, आणि एके दिवशी विमानतळावर उभा होतो. तिथून चाचांना फोन लावला. चाचीनं उचलला, "कोण, दत्तू का?" म्हणाली आणि फोन कटला. तेवढ्यात सामान तपासणाऱ्यानं माझ्या पिशवीतल्या काचेच्या पट्ट्या बाहेर काढल्या होत्या. हे काय म्हणून विचारलं, तर मी एक पट्टी दिव्याला धरून दाखवली. त्यानं साहेबाला बोलावलं, साहेबानं आणखी दोघांना, आणि पाच मिनिटं अख्खी चौकी रांगेनं काचेतून ट्यूबलाइट बघत होती. त्या गमतीत चाचांना पुन्हा फोन करायचा राहिला. हे राहणं मला पुढे फार महागात पडणार होतं, किंवा फार स्वस्तात. अजून ठरलेलं नाही.

तर, जोसेफनं मला स्टुलावरून उठवलं. तो तिथला जुना माणूस, पॅनच्या मजल्याचा मुकादम म्हणा. त्याची इंग्रजी आणि माझी इंग्रजी एकमेकींच्या चुलत बहिणी होत्या, त्यामुळे आमचं छान जमलं. थोड्या वेळानं मॅनेजर आला. गोल चष्म्याचा, घाईत जन्मलेला माणूस. त्यानं सरळ सांगितलं: माझ्याआधी तीन पॅनमन येऊन गेलेत. एक कानपूरकडचा, दोन आठवडे टिकला. एक फिलिपिन्सचा. तिसरा गेला तो चपला घ्यायलाही वर आला नाही. त्या चपला जिन्याखाली अजून पडलेल्या होत्या, मी पाहिल्या.

"शनिवारी जीप शहरात जाते," मॅनेजर म्हणाला. "त्याआधी मला एक पॅन नीट उतरवून दाखव. नाही जमलं तर जीपमध्ये बस."

त्या दिवशी सोमवार होता. मी मनातल्या मनात फ्लेक्सचा हिशेब केला. आमच्या चौकात फ्लेक्स महिनाभर राहतो, पुढाऱ्याचा वाढदिवस आला तरच आधी उतरतो. त्या महिन्यात एकाही पुढाऱ्याचा वाढदिवस नव्हता. म्हणजे मी बॅग घेऊन एसटीतून उतरणार आणि वर सिंहाच्या आयाळीत हात घालून मीच उभा असणार. नोकरी मेव्हण्याकडे. त्या क्षणापासून शनिवारची जीप माझ्या नरड्यावर उभी राहिली.

दुपारी पॅन न्याहाळायला गेलो. पॅनमनला आत डोकवायला जी गोल काच असते, तिच्या उजव्या कडेवर काहीतरी चिकटलं होतं. वारुळासारखं, बोटभर उंच. नखानं खरवडलं. साखर होती. जुनी, पिवळी, दगड झालेली, आणि तिच्यात थर होते. तळाशी काळपट, त्यावर तांबूस, त्यावर पिवळा. चिमटीवर चिमूट. हंगामावर हंगाम.

मी जोसेफला विचारलं, "ही कुणी ठेवली?"

"बाबूनं. पहिला पॅन उतरला की ठेवतो."

"कसा दिसतो बाबू?"

जोसेफनं तोंडानं सांगितलं नाही. तो चार पावलं चालून दाखवत गेला, डावा पाय किंचित ओढत. मग पॅनसमोर थांबला, हवेतली कांडी ओढली, हवेतली काच उजेडाला धरली, आणि ती डाव्या खांद्याला पुसली. खांद्यावर फडकं नव्हतं. तरी ते मला दिसलं, कडक झालेल्या कोपऱ्यासकट.

खरं सांगतो, तेव्हा मला भीती नाही वाटली. मला आनंद झाला. आपला माणूस इथे येऊन गेलाय. चाचा आफ्रिकेत काम करून गेले आणि पठ्ठ्यानं कधी बोलून दाखवलं नाही. मी असतो तर तालुक्याला पुरून उरलो असतो. मग आठवलं की त्यांना निरोप न घेता आलोय, आणि आनंदाची जरा गोची झाली.

"कधी होते ते इथं?"

"मी नोकरीला लागलो तेव्हा तो होताच," जोसेफ म्हणाला.

"आणि गेले कधी?"

त्याला प्रश्न कळला नाही. मी तीन प्रकारे विचारून पाहिलं. तिन्ही वेळा तो स्टुलाकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "सकाळी अकराच्या सुमाराला येतो. वाफ बघतो. जातो. तीन पॅनमननी त्याची जागा घेतली. त्यांचे पॅन बिघडले."

ऑफिसात जाऊन विचारलं. तिथल्या बाईंनी जुन्या कामगारांची यादी पाहिली. हमीद नावाचा पॅनमन कधी नव्हता. श्रीरामपूर, नगर, महाराष्ट्र, कुठलंच काही नव्हतं. मी म्हटलं, गबाळं ऑफिस. आमच्या कारखान्यात तर मेलेली माणसं यादीत आहेत. इथे जिवंत माणूस गळला असेल.

मंगळवारी पहिला पॅन लावला. जीप डोळ्यांपुढे होती, मॅनेजर पाठीशी होता, आणि घाईत जन्मलेला माणूस पाठीशी उभा राहिला की आपलंही घड्याळ पळतं. मला दाखवायचं होतं की नगरचा पॅनमन काय चीज आहे. बी टाकलं. दाणा धरला. छान धरला. आता सबुरीनं वाढवायचा, तर मी वाफ अर्धा फेरा जास्त उघडली.

"घाई न्हाई, राजा."

मी वळून पाहिलं. आवाज जोसेफचा होता. तो माझ्या डावीकडे, हातभर अंतरावर होता आणि काचेतून आत बघत होता. पण शब्द, त्यांचा हेल, 'राजा'वर जरा टेकणं... मंडळी, जोसेफला मराठी येत नव्हती. त्याला हिंदी येत नव्हती.

"काय म्हणालास?"

"बाबू म्हणतो असं. वाफ जास्त झाली की."

"त्याचा अर्थ काय?"

"माहीत नाही," जोसेफ म्हणाला. "पण मग आम्ही वाफ कमी करतो."

आता शहाणा माणूस काय करेल? वाफ कमी करेल. मी फ्लेक्सवरचा माणूस. मनात म्हटलं, चाचांच्या काळातला पॅन वेगळा, आताचा वेगळा. आणि अर्धा फेरा तसाच राहू दिला. तासाभरानं काच उजेडाला धरली. मोठ्या दाण्यांमध्ये धूळच धूळ, जसं चांगल्या ज्वारीत कुणी राख टाकावी. मॅनेजरनं काच माझ्या हातून घेतली, पाहिली, परत दिली. "शनिवार," एवढंच म्हणाला.

त्या रात्री जेवलो नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. जेवलो होतो. पण चव नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत मी पॅनवर गेलो, स्टुलासमोर उभा राहिलो आणि मराठीत म्हणालो, "चाचा, चुकलो. निघताना भेटलो नाही. ते पहिलं. काल ऐकलं नाही, ते दुसरं." रिकाम्या स्टुलाशी बोलणारा माणूस बघून तिथले कामगार हसतील असं वाटलं होतं. एकजणही हसला नाही. एकानं टोपी काढली.

शुक्रवारी दुसरा पॅन लागला. शेवटचा. या वेळी वाफ अशी उघडली, जशी झोपलेल्या पोराच्या अंगावरची गोधडी काढावी. दाणा एकसारखा वाढत होता. काचेवर असा चमकत होता की मी तीनदा विनाकारण नमुना काढला, फक्त बघायला. अजून तासाभराचं काम होतं. सव्वाअकराच्या सुमाराला सगळं बंद पडलं.

साखर कारखाना चालू असतो तेव्हा त्याचा आवाज ऐकू येत नाही, इतकी त्याची सवय होते. तो थांबतो तेव्हा कानात कुणी कापूस कोंबल्यासारखं होतं. मिल थांबली. पंप थांबला. पंखे थांबले. वीज गेली होती. पत्र्याच्या फटींतून येणारं ऊन तेवढं चालू होतं, आणि त्यात साखरेची धूळ तरंगत होती, अजिबात न हलता.

खालून मॅनेजर धावत आला. "कोणी काही सोडायचं नाही," तो म्हणाला. "जनरेटर पाच मिनिटांत सुरू होतोय." शेजारच्या दुसऱ्या पॅनवर तिथलाच एक पॅनमन होता. त्यानं मान डोलावली आणि हात काढून घेतले.

पाच मिनिटं पॅन थांबू शकतो. दहा मिनिटं कदाचित. त्यानंतर आतला पाक जड होऊ लागतो. सोडावा, तर तासभर आधी सोडलेला पॅन, अर्धा वाढलेला दाणा. म्हणजे दाखवायला हातात काही नाही, म्हणजे जीप. सोडू नये, आणि जनरेटर आला नाही, तर आत दगड. म्हणजे जीप आणि वर जन्मभराचं नाव, 'ज्याचा प्यान बसला तो'. मी काचेतून आत बघत होतो. पाक हलायचा थांबला होता.

टण टण टण. टण.

माझी कांडी माझ्या हातात होती. जोसेफ माझ्यासमोर होता, दोन्ही हात डोक्यावर. मॅनेजर जिन्याच्या तोंडाशी. दुसरा पॅनमन त्याच्या पॅनपाशी, पाठ भिंतीला. नळीत वाफ अडकली की ठोके ऐकू येतात, हे मी तुम्हाला स्वतः सांगतो, तीस वर्षं ऐकलेत. पण ते लोखंडातून येतात, भसाडे, कसेही. हे पितळेचे होते. आणि ते उजवीकडून आले, स्टुलाच्या अंगानं.

मी जोसेफकडे पाहिलं. त्यानं ऐकलं होतं. तो आधीच जिन्याकडे पळत सुटला होता, खालच्या हौदाची तोंडं उघडायला.

मी पॅनमध्ये हवा सोडली आणि तळाचं चाक फिरवायला लागलो. मॅनेजर किंचाळत माझ्या अंगावर आला. काय बोलला ते कळलं नाही, पण भाषेचा प्रश्नच नव्हता. चाक जड होतं. दोन फेऱ्यांनंतर ते अचानक हलकं झालं, जसं समोरून कुणीतरी दुसरा हात लावावा. मी वर पाहिलं नाही. तुम्हीही पाहिलं नसतं. पाक धबाधबा खाली पडायला लागला तेव्हा मॅनेजर मागे सरला. तो चष्मा काढून शर्टाला पुसत राहिला.

जनरेटर पाच मिनिटांत सुरू झाला नाही. तो शनिवारी सकाळी सुरू झाला. शेजारचा पॅन बसला. पूर्ण, काठोकाठ, दगड. आठ दिवस त्याच्या पोटातून पहारींचा आवाज येत होता. माझा पाक खालच्या उघड्या हौदात होता, घट्ट झाला तरी फावड्यानं निघण्यासारखा. वीज आल्यावर पाणी घालून विरघळवला आणि पुन्हा पॅनवर घेतला. काच मॅनेजरनं स्वतः उजेडाला धरली. बराच वेळ धरली. मग खिडकीतून खाली जीपच्या ड्रायव्हरला हातानं खूण केली की जा, रिकामाच जा.

तुला कसं कळलं, हे त्यानं मला कधी विचारलं नाही. तो पॅनच्या उजवीकडून चालतही नसे.

सगळे खाली गेल्यावर मी नव्या साखरेची चिमूट त्या वारुळावर ठेवली. स्टुलावर हात मात्र आदल्या दिवशी संध्याकाळीच ठेवून पाहिला होता. गरम होतं. पॅनच्या मजल्यावर सगळंच गरम असतं, कठडा गरम, जिना गरम, माणूस गरम. पण वीज गेल्यापासून वाफ बंद होती आणि बाकी लोखंड तोवर निवलं होतं.

मी तिथे दोन हंगाम काढले. नाव झालं. दुसऱ्या एका कारखान्यानं ओढायचा प्रयत्न केला, मी गेलो नाही. त्या स्टुलावर पुन्हा बसलो नाही. बाकीच्या गोष्टी मी सिंहांसकट गावात सांगतो, ही नाही सांगत.

सुट्टीवर आलो तेव्हा घरी बॅग टाकली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं श्रीरामपूर गाठलं. त्या पॅनची पावशेर साखर पुडीत बांधून आणली होती. चाचा वऱ्हांड्यात खुर्चीवर, हातात काठी. चाची पुढं आली. "आला बाबा, परदेशी पाव्हना. ये. तुझा तो सिंव्हवाला फोटू दाखवला लोकांनी मला."

मी पाया पडलो आणि म्हणालो, "चाचा, तुम्ही मला कधी सांगितलं नाही. तुम्ही होतात तिथं."

"कुटं हुते?" चाचीनं विचारलं.

"आफ्रिकेत, चाची. कारखान्यावर."

चाची पदरात तोंड घालून हसली. "अरे, मनमाडच्या पल्याड गेलं न्हाई हे मानूस. बोलावनं आलतं एकदा, ते खरं हाय. तवा पोरी ल्हान. मी म्हनलं, जाऊन बगा, मी आडात उडी टाकते. पासपोर्ट काडायला पुन्याला निगालते, ष्टँडवरनं माघारी आले. बस. तवापासून त्यो इषयच न्हाई."

मी चाचांकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते.

"लई काम असायचं तवा कारखान्यावर," चाची म्हणाली. "रिटायर झाल्यापून तर आसंच बसत्यात. दुपारचं जेवलं की हितं येऊन बसायचं, काठी वाजवायची. टक टक टक, मग एक टक. मी म्हनते पानी पायजे का, तर ऐकूच जात न्हाई. तासभरानं आपोआप च्या मागत्यात."

"किती वाजता बसतात, चाची?"

"दीड वाजला आसंल. का रं?"

तिथले अकरा म्हणजे इथले दीड. हे मी मोजून काढलं नाही. दोन वर्षं घरी फोन करून तोंडपाठ झालेलं होतं.

मी खुर्चीपाशी उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. अर्धा फेरा, धूळ, वीज, ठोके. त्या साखरेच्या थरांचं सांगितलं, रिकाम्या स्टुलाचं सांगितलं. भेटायला न आल्याची माफी मागितली. चाचांनी ऐकलं की नाही कळेना. त्यांनी पुडी सोडली, चिमूटभर साखर तळहातावर घेतली, हात उन्हात धरून इकडून तिकडून फिरवला. मग तळहात डाव्या खांद्याला पुसला.

"दाणा बरा हाय," चाचा म्हणाले. चाची चहा ठेवायला आत गेली.

"चाचा, खरं काय ते सांगा मला," मी म्हणालो.

ते पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले. मग, एखाद्याला पाऊस पडला का विचारावं तसं विचारलं, "मागच्या व्हॉल्व्हचं पॅकिंग बदललं का रे त्यांनी? बसलं की पाठ भाजती."